किल्ली देण्यापूर्वीचा पाऊण तास : फोंडा परिसरातील एक सायकल-मोटारसायकल भाडे सेवा

फोंडा तालुक्यात मुख्य रस्त्यापासून थोडे आत, एका कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागायतीच्या तोंडाशी, मंगलोरी कौलांची एक लांब पडवी आहे. त्या पडवीत डोंगरी सायकली आणि मोटारसायकली भाड्याने देण्याचा एक घरगुती व्यवसाय चालतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या मोसमात आम्ही तेथून तीन वेळा वाहने घेतली : एकदा मुलाबाळांसह दिवाडी बेटावर जाण्यासाठी, एकदा माझ्या भावासोबत सावई-वेऱ्याच्या बाजूची डोंगरवाट उतरण्यासाठी आणि एकदा मित्रमंडळींबरोबर चोर्ला घाटात मोटारसायकलींनी जाण्यासाठी. त्यांच्याकडे सायकली अकरा आणि मोटारसायकली सहा आहेत. याहून जास्त वाहनांची देखभाल आपल्या हातून नीट होणार नाही असे मालकांचे म्हणणे असल्यामुळे, नाव छापू नये अशी विनंती त्यांनी केली होती, आणि ती मला योग्य वाटली. पंचक्रोशीत चौकशी करणाऱ्याला ही पडवी सापडेल. इतरत्र वाहन भाड्याने घेणाऱ्यांना निदान काय पाहून घ्यावे आणि काय विचारावे, एवढे तरी या लेखातून मिळावे.

या विषयावर मी इतक्या आस्थेने का लिहिते आहे, हे आधी सांगितले पाहिजे. तीन वर्षांपूर्वी किनाऱ्यालगतच्या एका दुकानातून आम्ही सायकली घेतल्या होत्या. पैसे दिले, ओळखपत्राची छायाप्रत दिली आणि पाच मिनिटांत सायकली हातात आल्या. त्या वेळी ही तत्परता आम्हाला चांगलीच वाटली. एका साध्या उतारावर माझ्या नणंदेच्या सायकलीची मागच्या ब्रेकची तार तुटली. पुढचा ब्रेक मुळातच सैल होता, त्यामुळे सायकल थांबेना, आणि ती रस्त्याकडेच्या गडग्यावर जाऊन आदळली. गळ्याजवळचे हाड मोडले आणि सहा आठवडे हात झोळीत राहिला. तुटलेली तार नंतर पाहिली तेव्हा तिचे बहुतेक पीळ गंजून आधीच तुटलेले होते आणि उरलेल्या दोन-तीन पिळांवर ती कशीबशी तग धरून होती. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत तारेला गंज चढायला एक पावसाळा पुरतो. सायकल देण्याआधी कोणीतरी ती तार बोटाने चाचपली असती, तर ते हाड मोडले नसते.

म्हणून या पडवीतील पहिल्या सकाळी पाऊण तास आम्हाला तिष्ठत ठेवले गेले, तेव्हा मला राग आला नाही. मालकांना सगळे भाई म्हणतात. भाईंनी भाड्याची गोष्ट काढलीच नाही. कोण चालवणार, किती वर्षांनी सायकलीवर बसणार, कोठे जाणार, वाट डांबरी की मातीची, हे त्यांनी एकेकाला विचारले आणि त्यानंतरच कोणती सायकल कोणाला द्यायची ते ठरवले. माझ्या यजमानांनी कोपऱ्यातल्या नव्या, देखण्या सायकलीकडे बोट दाखवले, त्यावर त्यांनी शांतपणे सांगितले की ती चौकट तुमच्या उंचीला मोठी आहे, तासाभरात कंबर भरून येईल. अकरापैकी सात सायकलींना तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत आणि चारांना तारेचे. तारेच्या ब्रेकमध्ये पॅड झिजत जातात तशी तार कसत राहावी लागते. हायड्रॉलिक ब्रेक ती झीज बऱ्याच अंशी आपोआप भरून काढतो. त्यामुळे तारेच्या सायकली ते केवळ सपाट रस्त्यासाठी देतात आणि डोंगरासाठी मागितल्या तरी देत नाहीत.

भाईंचा पुतण्या यंत्राची बाजू पाहतो. त्याचे काम मी अगदी जवळ उभी राहून पाहिले. सायकल स्टँडवर उलटी टांगून त्याने मागचे चाक फिरवले आणि कान डिस्कजवळ नेला. एका ठिकाणी डिस्क पॅडला घासून बारीक सर्र असा आवाज येत होता. कॅलिपरचे, म्हणजे पॅड धरून ठेवणाऱ्या चिमट्याचे दोन बोल्ट सैल करून, ब्रेकचा दांडा दाबून धरून ते पुन्हा आवळले, तेव्हा चाक निःशब्द फिरू लागले. मग चेनला तेल देण्याआधी त्याने एक जुने सुती फडके मागच्या डिस्कभोवती गुंडाळले. कारण विचारले, तर तो म्हणाला की तेलाचा एक शिंतोडा जरी डिस्कवर उडाला तरी पॅड ते तेल शोषून घेतात, ब्रेक किंचाळू लागतो आणि धरत नाही. असे पॅड पुसून काही उपयोग होत नसतो, ते बदलावेच लागतात. तेल दिल्यावर त्याने पॅडल उलटे फिरवून चेन दुसऱ्या फडक्यातून सरकवत नेली आणि वरवरचे तेल टिपून घेतले, कारण चेनवर बाहेरून राहिलेले तेल धूळ धरते आणि त्याचीच कानस होऊन दाते झिजतात. घरी सायकल बाळगणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असते? मला नव्हते. आमच्याकडे चेन तेलाने निथळत असली म्हणजे सायकलीची निगा राखली, असाच समज होता.

सीटची उंचीही त्याने अंदाजाने ठेवली नाही. पॅडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर टेकली की पाय सरळ व्हायला हवा, म्हणजे प्रत्यक्ष चालवताना चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात किंचित बाक राहतो, हे त्याने आमच्या चौदा वर्षांच्या मुलाला समजावून दिले. अकरा वर्षांच्या मुलीसाठी मात्र त्याने हा नियम बाजूला ठेवला, आणि दोन्ही चवडे जमिनीला लागतील इतकी सीट खाली घेतली. मग तिला अंगणात दोन फेऱ्या मारायला लावून तो म्हणाला, ‘‘पळय बाय, पयलीं ब्रेक, मागीर पॅडल.’’ (बघ बाई, आधी ब्रेक, मग पॅडल.) पुढचा आणि मागचा ब्रेक दोन्ही हातांनी एकाच वेळी, हळूहळू दाबून चुन्याच्या रेघेवर सायकल थांबवायची, हे तिला जमेपर्यंत त्याने आम्हाला फाटकाबाहेर सोडले नाही. हेल्मेटची पट्टी हनुवटीखाली दोन बोटे जातील एवढीच सैल ठेवून त्याने ती स्वतः बांधली.

दिवाडीच्या सहलीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती जशी व्हावी तशी झाली. सायकली टेंपोतून जुन्या गोव्याच्या धक्क्यापर्यंत पोहोचवण्याची सोय भाई जादा आकार घेऊन करतात. तेथून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की दोन्ही बाजूंना खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेते, मध्ये बांधावरून गेलेला रस्ता आणि पाण्यात उभे बगळे. पिएदादच्या टेकडीचा चढ सोडला तर मुलांना अवघड असे काही नाही, आणि त्या चढावर मुलीने पुढचे सर्वांत लहान आणि मागचे सर्वांत मोठे दातेचक्र लावून, पुतण्याने शिकवल्याप्रमाणे न उतरता माथा गाठला. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून दुसरी फेरीबोट नार्व्याला नेते. तेथील श्रीसप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झाला आणि त्याचा शिलालेख दारावर आजही वाचता येतो. मूळ देवस्थान दिवाडीवरचे. पोर्तुगीज अमदानीत ते मोडले गेल्यावर लिंग नदीपलीकडे नेले गेले. ज्या पाण्यावरून देव गेला त्याच पाण्यावरून सायकल घेऊन आपण जातो आहोत, हे मुलांना फेरीबोटीतच सांगता आले, याचा मला फार आनंद झाला. सासूबाईंना गुडघ्यांमुळे सायकल शक्य नव्हती. त्या टेंपोतून वळसा घालून थेट नार्व्याला आल्या. दिवसभरात आम्ही १६ किलोमीटर सायकल चालवली आणि एकदाही चेन उतरली नाही.

या दिवशीची एक तक्रार मात्र खरी आहे. परतीसाठी टेंपो दुपारी साडेतीनला नार्व्याच्या धक्क्यावर यायचा होता, तो वीस मिनिटे कमी पाच वाजता आला. मुले दमलेली, सासूबाई उन्हात बसलेल्या आणि चालकाचा फोन लागत नाही, अशा स्थितीत सत्तर मिनिटे काढणे सोपे नव्हते. टेंपो दुसऱ्या एका गटाला सोडायला गेला होता, हे नंतर कळले. भाईंनी टेंपोचे पैसे घेतले नाहीत आणि कोणतीही सबब न सांगता क्षमा मागितली; तरीही एकाच टेंपोवर दोन गटांची वेळ बांधणे ही नियोजनातील चूक आहे, आणि वृद्ध माणसे बरोबर असणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी.

सावई-वेऱ्याच्या बाजूची डोंगरवाट हा या सेवेच्या कसोटीचा खरा दिवस होता. काजूच्या बागायतींमधून वर चढत गेलेली ही वाट बैलगाडीच्या रुंदीची आहे, आणि तिच्यावर जांभ्या दगडाचे बारीक, गोल खडे पसरलेले असतात. चढताना ते नुसता त्रास देतात, उतरताना मात्र चाकाखाली गोट्यांसारखे घरंगळतात. अशा वाटेवर टायर दगडासारखा टणक असून चालत नाही. हवा थोडी कमी असली तर टायर खड्यांवर पसरतो आणि धरून राहतो. पुतण्याने माझ्या टायरमध्ये २८ आणि माझ्या भावाच्या टायरमध्ये ३४ पीएसआय हवा ठेवली होती, कारण भावाचे वजन ९० किलोच्या पुढे आहे. उतरणीची रीतही त्याने सांगितली होती : सीट चार बोटे खाली घ्यायची, दोन्ही पॅडल जमिनीला समांतर ठेवून त्यांवर उभे राहायचे, अंग मागे न्यायचे आणि वळण येण्याआधीच वेग उतरवायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही. पहिल्या दोन वळणांवर माझी बोटे दांड्यावर ताठ झाली होती. तिसऱ्या वळणापासून हायड्रॉलिक ब्रेकची खरी किंमत कळू लागली : एका बोटाच्या दाबाने चाकाची गती हवी तेवढीच उतरत होती, चाक अडून घसरत नव्हते, आणि उरलेल्या तीन बोटांनी हँडल घट्ट धरता येत होते. खालच्या ओहोळापर्यंत पोहोचले तेव्हा मनगटे दुखत होती, पण भीती मागे राहिली होती. नणंदेच्या अपघातानंतर मी उतारावर सायकल सोडलीच नव्हती, हे येथे नमूद करते.

भाऊ मात्र ओहोळापर्यंत चालत आला. वरच्या सपाटीवर त्याने, अधिक पकड मिळेल या समजुतीने, पुतण्याने मोजून भरलेली हवा अंदाजाने आणखी सोडली होती. त्याच्या वजनाखाली टायर दबून ट्यूब रिमच्या कडेत आणि दगडात चिमटली गेली, आणि तिला शेजारीशेजारी दोन भोके पडली. साप चावल्यावर दिसतात तसे दोन बारीक व्रण. ही चूक सर्वस्वी आमची होती. प्रत्येक सायकलीबरोबर ते सीटखालच्या पिशवीत एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि लहान पंप देतात, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. ट्यूब बदलून झाली आणि मग ध्यानात आले, की नव्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, म्हणजे प्रेस्टा जातीचा आहे, आणि पंपाचे तोंड मोटारसायकलीच्या जाड, श्रेडर व्हॉल्व्हला बसणारे आहे. गुंजेएवढा पितळी अडॅप्टर पिशवीत असता, तर पाच मिनिटांत निघालो असतो. तो नव्हता, आणि वाटेवर फोनला रेंजही नव्हती. म्हणून दीड तास सायकल ढकलत डांबरी रस्ता गाठावा लागला. इतकी बारकाईने देखभाल करणाऱ्या माणसांकडून हे सुटावे, याचे मला वाईट वाटले आणि ते मी स्पष्टपणे बोलून दाखवले. पुतण्याने आमच्या समोरच अकराही पिशव्या पडवीत ओतल्या. तीन पिशव्यांमध्ये पंप आणि ट्यूब जुळत नव्हते. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा प्रत्येक पंपाला दोऱ्याने अडॅप्टर बांधलेला होता. तरीही माझा सल्ला असा, की कोठूनही सायकल घेतली तरी निघण्यापूर्वी पंप एकदा व्हॉल्व्हवर लावून पाहावा.

मोटारसायकलींचा विभाग लहान आहे, पण निवड विचारपूर्वक केलेली आहे. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आणि मीटिअर ३५० ही दोन्ही वाहने एकाच ३४९ सीसी इंजिनावर चालतात, त्यांच्या वजनातही फारसा फरक नाही. परंतु क्लासिकची सीट जमिनीपासून ८०५ मिलिमीटर आणि मीटिअरची ७६५ मिलिमीटर उंचीवर आहे. माझ्यासारख्या बेताच्या उंचीच्या चालकाला हे चार सेंटिमीटर फार महत्त्वाचे ठरतात, कारण घाटात चढावर थांबावे लागले तर जवळजवळ १९० किलो वजन दोन्ही तळवे टेकवूनच सावरता येते. भाईंनी मला क्लासिक देण्याचे टाळून मीटिअर दिली. जुनी ४११ सीसीची हिमालयन त्यांनी आमच्यातील सर्वांत अनुभवी मित्राला दिली.

चार मोटारसायकली आणि सहा माणसे असे आम्ही पहाटे निघालो आणि उसगाव, साखळी, पर्ये या मार्गाने केरीला पोहोचलो. अंजुणे धरणापाशी थांबून पुढे चोर्ला घाट चढू लागलो. या घाटातून बेळगावची भाजी गोव्यात येते, त्यामुळे सकाळच्या वेळी भरलेले टेंपो वळणांवर आपली बाजू सोडून समोर येतात, आणि हे ठाऊक असल्यामुळेच भाईंनी सूर्योदयानंतर घाट चढावा असा आग्रह धरला होता. मीटिअरचे इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये कोठेही न कुरकुरता चढत राहिले. सुर्ला गावाजवळून आम्ही परत फिरलो, कारण त्यांची वाहने गोव्याच्या हद्दीबाहेर न्यायची नाहीत असा त्यांचा नियम आहे. उतरताना त्यांची दुसरी सूचना कामी आली : ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. क्लच दाबून गाडी नुसती सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. गिअरमध्ये ठेवली की इंजिनच तिला मागे खेचून धरते. पूर्ण उतारभर मला ब्रेक फार थोडा वापरावा लागला.

येथे एक उणीव सांगितलीच पाहिजे. दिलेली हेल्मेट आयएसआय शिक्क्याची होती, ती स्वच्छही होती आणि मागे बसणाऱ्यांनाही दिली होती. परंतु दोन हेल्मेटांच्या काचा ओरखड्यांनी इतक्या भरलेल्या होत्या, की दुपारनंतर परतताना ऊन समोरून आले तेव्हा काचेवर नुसता पांढरा झगझगाट दिसू लागला. आमच्या एका मैत्रिणीला काच वर करून, डोळ्यांत धूळ घेत गाडी चालवावी लागली. ब्रेकचे पॅड वेळेवर बदलणाऱ्यांनी हेल्मेटची काचही तितक्याच तत्परतेने बदलायला हवी, कारण समोरचे दिसलेच नाही तर ब्रेक दाबणार कधी?

कागदपत्रांच्या बाबतीत मला कोठेही बोट ठेवायला जागा मिळाली नाही. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या वाहनाची पाटी काळी आणि तिच्यावरील अक्षरे पिवळी असावी लागतात. सहाही मोटारसायकलींना तशीच पाटी आहे. गोव्यात पांढऱ्या पाटीची खासगी दुचाकी स्वस्तात देणारे अनेकजण भेटतात. खासगी म्हणून नोंदलेले वाहन भाड्याने फिरवताना अपघात झाला, तर विम्याची भरपाई नाकारली जाण्याचा धोका असतो आणि तो भोगावा लागतो चालकाला, म्हणून शे-दोनशे रुपये वाचवण्यासाठी कोणीही त्या वाटेला जाऊ नये. भाईंच्या सुनेने आम्हा प्रत्येकाचा मूळ परवाना पाहिला, तो मोटारसायकलीचा आहे की केवळ गिअर नसलेल्या स्कूटरचा, हेही तपासले. परवाना किंवा आधार कार्ड अडकवून न ठेवता केवळ अनामत रक्कम घेतली, आणि वाहनाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ते आमच्याच फोनवर पाठवले. परत करताना त्याच फोटोंशी वाहन ताडून पाहिले गेले, आणि अनामत त्याच वेळी पूर्ण परत मिळाली. भावाच्या चुकीने फुटलेल्या ट्यूबचे पैसे आम्ही देऊ केले होते, पण ‘पंपाची चूक आमची’ असे म्हणून त्यांनी ते घेतले नाहीत.

दर किनाऱ्यावरच्या दुकानांपेक्षा जास्त आहेत. सायकलीला दिवसाला ६०० रुपये आणि मीटिअरला १,५०० रुपये आम्ही दिले, टेंपोचे वेगळे. चार जणांच्या कुटुंबाला ही रक्कम जाणवते. मला ती पटते, कारण त्यातला बराचसा भाग त्या पाऊण तासाचा आहे. ज्यांना स्थानकावरून उतरून दहा मिनिटांत निघायचे आहे त्यांना येथे येऊन वैताग होईल. शनिवार-रविवारसाठी निदान बुधवारपर्यंत फोन करावा लागतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ते घाटासाठी मोटारसायकल देत नाहीत, आणि सायकलीही डांबरी रस्त्यापुरत्याच देतात. चिखलात पॅड एका दिवसात झिजतात आणि जांभ्यावर शेवाळ धरते, हे त्यांचे कारण मला मान्य आहे. लहान मुलांच्या सायकली मात्र त्यांच्याकडे दोनच आहेत आणि दहा वर्षांखालील मुलासाठी एकही नाही. मैत्रिणीचा आठ वर्षांचा मुलगा दिवाडीला त्यामुळे येऊ शकला नाही. पुढच्या मोसमाआधी निदान दोन २० इंची सायकली घ्याव्यात, असे मी भाईंना सांगितले आहे. त्यांनी ते सुनेच्या वहीत लिहवून घेतले, आणि नेत्रावळीच्या सहलीसाठी आमची डिसेंबरमधली तारीख घालताना टेंपोची वेळही त्याखाली लाल शाईने मांडली.